सात दिवसांची पट्टी

“पण बाबा, तिने पट्टी काढलीच का?”

फकीर करीमशांनी मान वर केली नाही. दर्ग्यामागच्या हौदाशी बसून ते उकळलेल्या चिंध्या पिळत होते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले लोक रोज सकाळी त्यांच्याकडे जखमा धुवायला येत.

मागच्या खेपेला स्वतः लावलेली पट्टी बघायला डॉ. तनुजा वाघधरे सहा तास एसटीने आली होती. अजून उभीच होती.

“तिलाच विचार,” ते म्हणाले.

चांगुणाबाय पायरीवर बसली होती. घोट्याजवळची जखम सात महिने भरत नव्हती. अशीच चिघळत राहिली तर पाय कापावा लागेल, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“झोंबलाच नाय, बाय. वासबी नाय. म्हटला, यात औषधच नसंल.”

“मग पट्टी कुठाय?”

“खुंटीला टांगलीय. महागाची दिसली म्हणून.”

तनुजा मटकन खाली बसली.

पट्टीतलं, कोळंबीच्या सालींतून काढलेल्या कायटोसनचं ते जेल करायला तिची अकरा वर्षं गेली होती. आधीची जेलं पहिल्या तासातच सगळं औषध ओकून मोकळी होत. जखम पेटून उठे आणि नंतर उरे नुसता ओला बोळा. मग तिने आतली वीण घट्ट केली, तर औषध बाहेर येईचना. घट्ट, सैल, पुन्हा घट्ट... शेवटी एकदाचं जमलं. सात दिवस, थोडंथोडं. म्हणूनच झोंबत नव्हतं.

आणि हिने तिसऱ्या दिवशी खुंटीला टांगलं.

“तू तिला काय सांगितलं होतंस?” करीमशांनी विचारलं.

“सगळं. पाऊण तास बसून. चित्रं काढून.”

करीमशा चांगुणाबायकडे वळले. “काय सांगितलं गं हिने?”

चांगुणाबायने बराच विचार केला.

“...कोळंबीचा कायतरी.”

तनुजाचे कान तापले. तिच्या व्याख्यानांना सभागृहं भरत.

“दुसरी लाव,” करीमशा म्हणाले.

तिने जखम धुतली, नवी पट्टी लावली आणि सुरू केलं, “हे बघा मावशी, एक म्हणजे भिजवायचं नाही. दुसरं, पाय लोंबकळत ठेवायचा नाही. तिसरं...”

करीमशांचा ओला हात तिच्या मनगटावर आला.

“आज एकच.”

“म्हणजे?”

“एकच सांग.”

तिने ओठ आवळले. “...भिजवू नका.”

“झालं. जा गं चांगुणे.”

“आणि बाकीचं?”

“उद्या.”

“उद्या मला प्रयोगशाळेत हजर व्हायचंय, बाबा! माझ्याशिवाय तिथे...”

करीमशांनी पुढची चिंधी पिळायला घेतली.

ती राहिली. रागानेच राहिली. मुसाफिरखान्यात सतरंजी टाकून, कित्येक महिन्यांत झोपली नव्हती अशी झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, “झोंबत नाही, म्हणजे औषध काम करतंय.”

तिसऱ्या दिवशी, “बसाल तेव्हा पाय उशीवर ठेवा.”

चौथ्या दिवशी चांगुणाबायच बोलली. धक्क्यावर पहाटेपासून उभं राहावं लागतं. नवरा गेल्यापासून मासळीची पाटी तिच्याच डोक्यावर. पाय दुखतो हे ती कुणाला सांगत नाही, सांगितलं तर सून पाटी काढून घेईल... तनुजाने ऐकून घेतलं. त्या दिवशी तिने काहीच सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी सूनच सासूला हाताला धरून घेऊन आली. आदल्या रात्री सासूने तिला पायाचं सांगून टाकलं होतं; धक्क्यावरची पाटी आता सुनेकडे होती. चांगुणाबाय जरा रुसलेली होती, पण पट्टी जागेवर होती.

सातव्या दिवशी पट्टी उघडली. जखम भरली नव्हती. मात्र दुर्गंधी गेली होती आणि कडांना गुलाबी रंग आला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहिलं. “कापायचं राहू दे. महिनाभर थांबू,” ते म्हणाले.

चांगुणाबायने तनुजाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली.

तनुजाने पिशवी भरली. आवारात तोवर नऊ-दहा माणसं येऊन बसली होती. कुणाचा हात, कुणाची पाठ. करीमशा भिंतीला टेकून गुडघे चोळत होते. पुन्हा उठायचं होतं.

ती त्यांच्याजवळ खाली बसली.

“बाबा, चाळीस वर्षं रोज हेच... तुम्ही थकत नाही?”

“थकतो की.”

ते हात टेकून सावकाश उठले.

“...पण एका दिवसात सगळा थकत नाही.”