नऊ माशांचं पान

"आबा, राजे कोणाला देणार?"

हा प्रश्न मी तीन रात्री उशीत तोंड खुपसून घोकला होता. नवऱ्याला वाटलं, पोरीच्या खोकल्याने मला झोप लागत नाही. मी तसंच वाटू दिलं. खोकला केव्हाच गेला होता.

आबांनी, म्हणजे भिवा चितारींनी, मान वर केली नाही.

"खंयचे राजे?"

"गंजिफांच्या नव्या संचातले. दहा अवतारांचे दहा राजे. मला की दर्शनाला?"

दर्शना विहिरीवर रंगाच्या वाट्या धुवायला गेली होती. म्हणून तर विचारलं. ती समोर असती तर मी नेहमीसारखं हवापाण्याचं बोलले असते.

सावंतवाडीत आबांच्या पडवीत आम्ही दोघीच शिकत होतो. मी चित्रकलेची पदविका घेतलेली. नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आले, सोबत पाच वर्षांची उर्मी. दर्शना घरी ब्लाउज शिवते. कुंचलाही सुईसारखाच धरते.

आणि तरी परवा तिचं पान हातात घेऊन आबा दोनदा "हं" म्हणाले.

माझ्या पानाला एकदाच.

मी मोजलं होतं.

संच एकशेवीस पानांचा. खेळायची पानं, हाताने रंगवलेली, गोल, तळव्यात मावतील एवढी. पुढे चित्र, मागे नुसती लाल लाख. आकड्यांची पानं आम्ही दोघींनी वाटून घेतली होती. राजे राहिले होते. राजाच्या पानात हत्ती, घोडे, छत्र, सगळा लवाजमा. बाकीची पानं म्हणजे हमाली, चित्र काय ते राजाचं, असं माझं मत. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आबांना ते कळलं नसेल, अशी मला आशा होती.

"पान दाखय."

मी मत्स्याची नव्वी पुढे केली; ती मात्र आबांनी आम्हा दोघींकडूनही काढून घेतली होती. मधे एक सोनेरी मासा, भोवती आठ, शेपट्या वळवून फिरणारे.

"तोल बघा. लय बघा. नजर गोल फिरते आणि मधल्या माशावर येऊन थांबते."

"कोणी सांगल्यान?"

"कॉलेजात शिकवतात. रचनेचा नियमच आहे."

"दर्शनान कसे मांडल्यान?"

"तिचे मासे तीन-तीनच्या ओळीत. बाजारात वाटे लावल्यासारखे."

वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच त्याचा वास आला.

आबा हसले नाहीत. माझं पान त्यांनी हातभर लांब धरलं.

"खेळणाऱ्याक नऊ दिसूक व्हये, बाय. डोळो थांबलो की डाव थांबता."

"म्हणजे माझं चुकलं?"

...

"उर्मी, ये गो," ते म्हणाले. "एक डाव."

ती टपलेलीच होती. आठवडाभर दोघांचा हाच खेळ चालला होता. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दर्शनाच्या पाटावर डोकावून यायची, तेव्हा ही आबांसमोर मांडी घालून बसलेली असायची. खेळ सोपा. वाळलेली दहा पानं पिसायची, पालथी मांडायची, ज्याने त्याने एक उचलायचं. मोठा आकडा जिंकला.

"चोरून बघायचं नाही," उर्मीने त्यांना बोट दाखवून बजावलं. नियम त्यांनीच शिकवलेला. पण ती असं सांगायची, जणू घरून घेऊन आली आहे.

आबांनी पिसली, मांडली.

उर्मीने उचललं. नऊ मासे.

आबांच्या हातात परशुरामाच्या दोन कुऱ्हाडी.

पुन्हा पिसली. पुन्हा नऊ मासे.

तिसऱ्यांदाही.

"चार दिवस हरतंय मी," आबा म्हणाले. "पोर हुशार तुझी."

मी मनातल्या मनात सासूबाईंना फोनही लावला.

"कसा गो ओळखतंस?" त्यांनी उर्मीला विचारलं.

"आईचं पान चकचकतं ना. नऊवालं सगळ्यांत जास्त."

...

विहिरीवर रहाट वाजत होता.

पाठीला लाखेचे दोन हात द्यायचे, असं आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिसरा दिला होता. फक्त माझ्या पानांना. दर्शना दुपारी जेवायला घरी जायची तेव्हा. वर कवडीने घोटलंही होतं, नऊ माशांना सगळ्यांत जास्त. पाठ कोण बघतं. पण तिची आणि माझी पानं शेजारी शेजारी वाळत पडली, तर निदान...

खरं लिहायचं तर, उर्मीचं ऐकून आधी मला आनंद झाला. म्हणजे दिसतं तर.

आबांनी पानं माझ्यासमोर पालथी मांडली.

"आता तू. तुझी खंयची ती दाखय."

मी पाच पानं बाजूला काढली. एकदाही अडखळले नाही.

त्यांनी उलटून पाहिली. पाचही माझी.

"आता दर्शनाची."

उरली पाच. त्यांत तीन आबांची जुनी, दोन तिची. मी वाकून बघितलं. उजेडाकडे तिरपं धरून बघितलं. बोट फिरवलं. महिनाभर त्या बाईच्या पानांकडे मी जितकं टक लावून बघितलं, तितकं नवऱ्याकडे लग्नाआधीही बघितलं नसेल.

"नाही ओळखता येत," मी म्हटलं.

"हं," आबा म्हणाले.

मग पुन्हा, "हं."

"एवढ्यावरून राजे तिला?" माझा आवाज चिरकला. उर्मीचा फुगा फुटला की तिचा चिरकतो, तसा.

आबा उठले. गुडघ्यावर हात टेकत आत गेले. आले ते दोन्ही हातांत लाखेची वाटी घेऊन. ही वाटी मी ओळखत होते. आम्ही दोघी आमच्या पानांना बाजारची लाख वापरायचो. ही त्यांची स्वतःची, घरी घोटलेली. आजवर त्यांनी हिला कोणाला हात लावू दिला नव्हता.

"पाठी घासून काढ. सगळ्यो परत तू कर."

"माझ्या पाच?"

"एकशेवीस."

"नुसत्या लाल?"

"लाल."

"राजांच्यापण?"

"राजांच्यापण."

मी वाटीकडे बघत राहिले. कॉलेजात चार वर्षं. बक्षिसं दोन. आणि आता एकशेवीस गोल, एकसारखे, लाल. ज्यातला एकही माझा म्हणून दाखवता आला, तर तो फुकट.

"आणि राजे कोण काढणार?" मी विचारलं.

"राजे काय गो, कोणय काढीत. पाठ ओळखूक इली की खेळ मेलो."

तेवढ्यात दर्शना ओल्या वाट्यांची चळत घेऊन पायरी चढली. माझ्या हातातली वाटी तिला दिसली.

ती पायरीवरच थांबली.

"पाठी हिला दिल्यात, आबा?"

आबांनी मान हलवली.

ती हसली. पटकन, नीट घडी घातल्यासारखं. पण त्याआधी एक क्षण तिचा चेहरा मला दिसला. तो मला अनोळखी नव्हता. तीन रात्री मी तोच घेऊन झोपत होते.

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. तुझे मासे चांगले आहेत, वगैरे. मी वाटी खाली ठेवली.

उर्मीने पानं गोळा केली आणि चळत करून माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं, पोरगी माझ्याकडे बघून आता विचारणार, आई, तू रडतेस का.

"आई, आता तू पिस," ती म्हणाली. "आणि चोरून बघायचं नाही."