गुंडूने आणलेलं रोजचं पेन

एका गावात गुंडू नावाचा एक भोळा नवरा होता. स्वभावाने अगदी गाय. फक्त देव अक्कल वाटत होता तेव्हा हा बहुतेक पाणी भरायला गेला असावा. त्याची बायको रत्नमाला मात्र शिकलेली. कामं आटोपली की ती वही उघडायची आणि दिवसभराच्या चार ओळी लिहायची. आज कोण आलं, काय शिजलं, गुंडूने काय केलं. या शेवटच्या गोष्टीला कधीकधी दोन पानं लागत.

एकदा ती म्हणाली, "अहो, पेन अडकायला लागलंय. जरा धुऊन आणा."

गुंडूने ते नदीवर नेलं. धोंड्यावर ठेवलं, साबण लावला आणि धुणं बडवतात तसं बडवलं. मग पिळायला गेला, तर पिळायला काही उरलंच नव्हतं.

रत्नमालेला फार वाईट वाटलं. त्या पेनावर तिचा जीव होता. तिने ट्रंक भरली आणि माहेरची एसटी धरली. जाताना एवढंच म्हणाली, "रोज लिहायला चांगलं पेन घेऊन या. तेव्हाच मी परत येते."

घर खायला उठलं. गुंडूला भाकरी थापता येत नव्हती, आणि रत्नमालेवाचून त्याला करमतही नव्हतं. तो उठला आणि बाजाराला गेला.

बाजारातलं सगळ्यात चकचकीत पेन घेऊन त्याने सासरवाडी गाठली. रत्नमालेने ओळ ओढली. शाई उतरेना. पेन झटकलं, तरी उतरेना.

"घेताना लिहून बघितलं नाही का?" तिने विचारलं.

"नवी वस्तू. उगंच कशाला खराब करायची?"

सासूबाई म्हणाल्या, "आवो पावणं, घ्यायच्या आधी त्यानं 'श्री' लिहून बघायचं असतंय. शाई फुटती का, अडकती का, समदं कळतंय. आन् बाजारला जाताच हाय तर मला एक लुगडं बी आणा."

गुंडूने मान डोलावली. एकदा ऐकलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

पुढच्या बाजारी तो नवं पेन आणि काखेत पाच लुगडी घेऊन आला.

"पाच कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मी एकच घेत हुतो, मामी. पर समद्यांत शाई फुटाय लागली. मग दुकानदार म्हनला, आता पाची घेऊन जा."

सासूबाईंनी घडी मोडली. पदरावर हाताएवढा श्री. दुसरं उघडलं, त्यावर श्री. सासूबाई देवभक्त होत्या, म्हणून गप्प बसल्या.

पेन मात्र या वेळी लिहीत होतं. पण होतं पितळेचं. चार ओळींत रत्नमालेचं मनगट भरून आलं. ती म्हणाली, "अहो, रोजच्या वापराची वस्तू हलकी बघावी. बोटावर तोलून घ्यावी, म्हणजे हात दुखत नाही."

"आन् येताना पाट्याला एक वरवंटा आणा," सासूबाई म्हणाल्या. "जुन्याचा टवका उडालाय." वरवंट्यावर काय श्री लिहायचा तो लिहू दे, असं त्यांच्या मनात असावं.

गुंडूने मान डोलावली. एकदा ऐकलेलं तो कधी विसरत नसे.

पुढच्या बाजारी त्याने वरवंटा आणला. पांगाऱ्याच्या लाकडाचा. बोटावर तोलूनच घेतलेला. सासूबाईंनी मिरच्या वाटायला घेतल्या. वरवंटा वरून फिरला आणि मिरच्या होत्या तशाच राहिल्या.

"पर हात दुखतोय का?" गुंडूने विचारलं.

हात दुखत नव्हता. तेवढं त्यांना कबूल करावं लागलं.

या वेळचं पेन हलकं होतं, चांगलंही होतं. पण गुंडूने वाटेत एसटीतल्या यच्चयावत माणसांना ते चालवून बघायला दिलं होतं. कंडक्टरने तर तिकिटांच्या गठ्ठ्यावर टेकवून दाबून सही केली होती. निब कावळ्याच्या चोचीसारखी उघडली होती.

आता सासऱ्यांनी गुंडूला जवळ बसवलं. मला विचाराल तर तिथेच त्यांचं चुकलं. "हे बघा पावणं, चांगली वस्तू एका हाताला सरावती. मग ती त्याच हातात ऱ्हाऊ द्यायची. दुसऱ्याच्या हातात गेली की बिघडली म्हणून समजा."

गुंडूने मान डोलावली.

आणि खरंच, पुढच्या बाजारी त्याने कमाल केली. पेनाने श्री लिहून बघितला, आणि तोही कागदावर. पेन बोटावर तोललं. कंडक्टरने मागितलं तर सदऱ्याच्या आत लपवलं. रत्नमालेने चार ओळी लिहिल्या, मग आणखी चार लिहिल्या. शाई झरझर उतरत होती. "हेच," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. पेन तिने वहीत खोचलं आणि वही ट्रंकेत ठेवली.

सगळं घर आनंदलं. सासूबाईंनी लेकीची ओटी भरली, लाडू बांधून दिले. आळीतल्या बायका पोचवायला आल्या. एसटी येऊन उभी राहिली. सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी रत्नमालेचा हात धरला आणि गुंडूपुढे केला.

"पावणं, लेक तुमच्या हातात देतोय. सांभाळा."

गुंडू दोन पावलं मागे सरला.

"नगं मामा," तो म्हणाला. "ल्हानपनापासून तुमच्या हाताला सरावल्यात त्या. माझ्या हातात आल्या की बिघडायच्या. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

त्याने सासऱ्यांच्या पाया पडून लाडवांचा डबा उचलला आणि तो एसटीत चढला. रत्नमाला ट्रंकेवर मटकन बसली. एसटी धूळ उडवत निघून गेली.

गावात पोचल्यावर शेजारच्या गोदाक्काने विचारलं, "गुंडू, बायकू कुठाय रं?"

"जिथल्या तिथं ठेवून आलो," गुंडू म्हणाला. "लई चांगली हाय, गोदाक्का. हात लावून कशाला बिघडवायची?"