उघाडीवरची मथू

तिवरपाटात मूल बोलायला लागलं की त्याला आधी एक नियम शिकवत. खारजाईला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, आणि असं का, हे कोणालाही विचारायचं नाही. नियमाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कडक होता.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या गावांना तिवरपाटाची माणसं फारशी ठाऊक नव्हती. गावाची भातशेती खाडीच्या काठाला, भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या अंगाला होती. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता. बांधाला एकच दार होतं, जाड लाकडी फळ्यांचं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला फळ्या उचलल्या की शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जाई. भरती यायच्या आत फळ्या पुन्हा खाली टाकाव्या लागत. नाहीतर खारं पाणी आत शिरे, आणि ते जिथे शिरे तिथे वर्षानुवर्षं भात उगवत नसे.

कोणा एका पूर्वजाने कधीतरी भलत्या वेळी उघाडी उघडली आणि सगळं गाव उपाशी राहिलं, असं म्हणतात. गावाने त्याला दगड मारून हाकललं. त्यानंतर आपल्या जबाबदारीवर फळीला हात लावायला कोणी तयार होईना. मग उघाडी केव्हा उघडायची हे खारजाई सांगू लागली. आधी उघाडीचं, मग लग्नाचं, मग गाय विकायचं, मग सगळंच.

खारजाई म्हणजे देवळातला काळा पाषाण. बाबल गुरव तो धुऊन त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा देवीचा कौल. उघाडीचा कौल उजवा झाला की देवळातला ढोल वाजे, आणि ढोल ऐकू आला की बांधावर फळ्या उचलल्या जात.

एक गोष्ट मात्र गावात सगळ्यांना दिसत होती. बायकांनी विहिरीकडे जायला नीट दगडी पायऱ्यांची पाखाडी बांधून द्या म्हणून कौल मागितला. डावी पाकळी पडली आणि विषय मिटला. सोनू गावकर हे गावचे पहिले मानकरी. त्यांनी आपल्या मुलाच्या लग्नाचा कौल मागितला तेव्हाही डावीच पडली. तेव्हा गावकर म्हणाले, "पाकळी किडकी होती रे बाबल, दुसरी लाव." दुसरीही डावी पडली. "तुझा हात ओला होता." तिसरी उजवी पडली आणि लग्न झालं. सगळ्यांनी पाहिलं, कोणी बोललं नाही. डोळे उघडे ठेवायला तिवरपाटात बंदी नव्हती. तोंड तेवढं मिटून ठेवायचं असे.

मथू ही उघाडीवाल्या राघूची एकुलती मुलगी. राघूचे गुडघे गेले तेव्हापासून फळ्या तीच उचलत असे. ह्या कामाबद्दल गावाने राघूच्या घराला भाताचा एक लहानसा कुणगा दिला होता, अगदी उघाडीला लागून. त्या तुकड्यावर बापलेक जगत.

मथूइतकं देवीला विचारणारं माणूस गावात दुसरं नव्हतं, असं म्हणतात. तिने घरच्या जात्यालाच देवी केलं होतं. आंबाडीची भाजी करू की नको, केस आज धुऊ की उद्या, सगळ्याला जात्यावर दोन पाकळ्या. एकदा राघूने विचारलं, "मथ्ये, भूक लागली का गो?" तर ती पाकळ्या आणायला परसात गेली. शेजारची गंगू काकी कुंपणाच्या वईवरून ओरडली, "तगर उघडी पडली गो बाय, आता शिंक आली तर कोणाला विचारशील?" मथूला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. राघूलाही हसू आलं नाही.

मग ते वर्ष आलं. लावणी होऊन रोपं नुकती धरली होती, आणि पाऊस असा लागला की माणसाला समोरचं माणूस दिसेना. शेतात पाणी चढू लागलं. रोपांच्या शेंड्यांना पाणी टेकलं तेव्हा गाव देवळात जमलं. बाबलने पाषाण धुतला, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं.

पाकळ्या पडल्या नाहीत.

बाबलने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. त्याचा घसा बसला, पण पाकळ्या होत्या तिथेच राहिल्या. रात्रभर वारा सुटला, देवळाचा पेंढा उडाला, पाषाणावर पागोळ्या पडल्या. सकाळी पाहतात तो दोन्ही पाकळ्या जशाच्या तशा, सुकल्यासुद्धा नव्हत्या. उजवीवरून एक पाल धावत गेली, तरी ती हलली नाही, असं म्हणतात.

आता रीत अशी होती की लावलेला कौल सुटल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. म्हणजे देवीला आता काहीच विचारता येईना. आणि विचारता येईना म्हणून काही करता येईना. ज्याचं लग्न ठरत होतं त्याचं तसंच राहिलं. ज्याच्या घराची भिंत खचत होती तो तिला टेकू द्यायचा की नाही ह्या विचारात तिच्याचखाली बसला. एकजण पेज प्यायला बसला होता, तो पुढचा घोट घ्यावा की नाही म्हणून वाडगा हातात धरून राहिला, असंही म्हणतात. हे जरा जास्तच आहे. पण तिवरपाटाची माणसं ज्यांना ठाऊक आहेत ते म्हणतात, फार जास्त नाही.

मथू मात्र रोज ओहोटीला बांधावर जाई. तिथून तिला सगळं दिसे. बांधाच्या आत रोपांवर पाणी चढलेलं, बाहेर खाडी खाली गेलेली, तिवरांची मुळं उघडी पडलेली. फळ्या उचलायचा अवकाश, पाणी आपण होऊन गेलं असतं. ती फळीवर हात ठेवून ढोलाची वाट बघे. ढोल वाजत नसे. भरती येई, ती घरी जाई. दिवसागणिक आणखी रोपांचे शेंडे दिसेनासे होत.

"बाबा, रोपं कुजतील," ती राघूला म्हणाली.

"आपलं काम फळ्या उचलायचं. केव्हा, ते देवी बघेल."

"देवी बोलत नाही."

"मग आपण थांबायचं. आपल्या माथी काही नको."

त्या दिवशी मथू बांधावर गेली ती पदरात पाकळ्या घेऊन. देवळातली देवी बोलत नाही, तर फळीला विचारू. तिने उघाडीच्या वरच्या फळीला दोन पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि विचारलं, उघडू की नको? वाऱ्याचा एक झोत आला आणि दोन्ही पाकळ्या एकदम उडून गेल्या. उजवी आधी नाही, डावी आधी नाही. जणू फळी म्हणाली, मला कशाला विचारतेस?

मग तिच्या मनात आलं, की आता विचारायला कोण उरलं? आणि ती एकटीच उरली. आजवर तिने स्वतःला काही विचारलंच नव्हतं. तिने विचारलं, मथू, तुला काय वाटतं? उत्तर येईना. वाटायची सवयच नव्हती. तिने आतलं पाणी पाहिलं, बाहेरचं पाहिलं, त्या हाकललेल्या पूर्वजाची आठवण झाली. चुकलं तर गाव उपाशी मरणार होतं, आणि कोणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. शेवटी ती मोठ्याने म्हणाली, "मी मथू. मला वाटतं, उघडावी."

आपलाच आवाज तिला परका वाटला, असं म्हणतात.

पावसाने फुगलेल्या त्या फळ्या चार गड्यांना हलल्या नसत्या. मथूने त्या एकटीने उपसल्या. पाणी असं सुटलं की त्याचा आवाज खाडीपलीकडच्या गावांत ऐकू गेला आणि तिथल्या लोकांना वाटलं, डोंगर बोलतोय. मासे, साप, खेकडे, कोणाचा तरी नांगर, सगळं खाडीत गेलं. पाण्यातून भाताचे शेंडे वर आले, मग पाती, मग अख्खी रोपं, माणसं झोपेतून उठावीत तशी.

आवाज ऐकून सगळं गाव बांधावर धावत आलं. सोनू गावकर पुढे होते.

"कोणाला विचारून उघडलीस गो?"

"कोणालाच नाही, आबा."

गावकरांच्या तोंडून पुढचा शब्द फुटायच्या आत खाडीचं पाणी वळलं. भरती लागली होती. मथू फळ्या खाली टाकू लागली. पण उपसण्यापेक्षा बसवणं अवघड. फुगलेली लाकडं खाचेत जाईनात. ती ओरडली, "अरे, हात लावा कोणीतरी!"

कोणीही हात लावला नाही. ते दुष्ट नव्हते. आडदांड, कष्टाळू माणसं होती, आणि ती भरतीकडे आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली. मदत करावी का, ह्याचा कौल झाला नव्हता. "बाबल, तू काय म्हणतोस?" एकाने विचारलं. बाबल म्हणाला, "मी काय म्हणणार? पाकळ्या अजून तिथेच आहेत." आपल्याच शेताचं दार एक मुलगी एकटी लावते आहे, हे पाहत ती सगळी हात बांधून उभी होती.

मथूने फळ्या एकेक करून बसवल्या. गावातले म्हातारे आजही सांगतात की खारजाईने त्या वेळी भरती रोखून धरली, पाणी गाईसारखं दारात उभं राहिलं. पण भरती थांबली नव्हती. ती थांबली असती तर पुढचं झालं नसतं. शेवटची फळी बसायला उशीर झाला, तेवढ्यात खारं पाणी आत आलं आणि उघाडीला लागून असलेला एक कुणगा त्याने भरून गेला. तो राघूचा होता.

बाकी सगळं शेत वाचलं.

त्याच संध्याकाळी देवळात उजवी पाकळी पडली. बाबलने धावत येऊन सांगितलं आणि गावाचा जीव भांड्यात पडला. ढोल वाजला. उघाडी केव्हाच उघडून बंद झाली होती, तरी वाजला.

दुसऱ्या सकाळी मथूला देवळात बोलावलं. मानकरी ओळीने बसले होते. पुढ्यात नारळ, खण, तांदूळ मांडले होते. सोनू गावकर आज गोड बोलत होते.

"पोरी, देवीने उजवा दिला. म्हणजे उघडायचं तिच्या मनातच होतं. तिने तुझ्या हातून करवलं. पीक वाचलं ही तिची कृपा. तुझा कुणगा खारा झाला, ती तुझी घाई. जरा थांबली असतीस तर तेही झालं नसतं. आता देवीपुढे डोकं टेक आणि एवढंच म्हण, आई, तूच करवलंस. गाव तुला दुसरा कुणगा देईल. चांगला, वरच्या अंगाचा."

राघू खांबाला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "म्हण गो बाय. चार शब्द तर आहेत."

मथूने बापाकडे पाहिलं. कुणगा गेला म्हणजे वर्षाचा भात गेला, हे तिला कळत होतं. चार शब्द बोलले की भात परत येणार होता. त्या शब्दांनी कोणाचं वाईट होणार नव्हतं. फक्त काल बांधावर जी उभी होती ती दुसरीच कोणी ठरणार होती.

ती म्हणाली, "आबा, मी म्हणणार नाही. देवीने करवलं नाही, मी केलं. पीक वाचलं तेही मी केलं, कुणगा खारा झाला तोही मी केला. त्यातलं चांगलं तिला आणि वाईट मला, अशी वाटणी मला नको. मला दोन्ही हवं."

"आणि देवीची पाकळी?" बाबलने विचारलं.

"मी विचारलंच नव्हतं. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं असेल."

पहिल्या मानकऱ्याने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. असल्या बोलण्याला काय म्हणायचं असतं हे त्यांना त्यांच्या म्हाताऱ्यांनी शिकवलं नव्हतं. मथू उठली, बापाला हात दिला, आणि दोघं घरी गेली.

ती पुढे काय खाऊन जगली, ह्याबद्दल फार गोष्टी आहेत. कोणी म्हणतात बायकांनी आळीपाळीने तिच्या दारात भात आणून ठेवला, आणि ठेवण्यापूर्वी कौल मागितला नाही. कोणी म्हणतात तिच्या खाऱ्या कुणग्यात मीठ आपोआप पिकायचं. तिचं देऊळ बांधायचं गावाच्या मनात पुष्कळदा आलं. पण त्यासाठी कौल कोणाचा घ्यायचा, इथे घोडं अडतं, आणि अजून अडलेलंच आहे.

तिवरपाटात आजही कौल लागतो. लग्नाला लागतो, घराला लागतो. पण पावसाळ्यात उघाडी पहिल्यांदा उघडायची असते तेव्हा मथूची आठवण म्हणून पाकळ्या लावत नाहीत आणि ढोलाला फडकं बांधून ठेवतात. दरवर्षी एका घरच्या मुलीची पाळी असते. ती दाराशी उभी राहते, आतलं पाणी बघते, बाहेरचं बघते, स्वतःचं नाव घेते आणि सांगते, मी उघडते, चुकलं तर माझं. तोवर म्हाताऱ्यांनी बांधावर उभं राहायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही, असा रिवाज आहे.

मागे एका वर्षी पाळी तुळसा नावाच्या मुलीची होती. सगळं गाव छत्र्या घेऊन जमलं होतं, नारळ आणले होते. ती बराच वेळ खाडीकडे बघत राहिली. मागे कोणीतरी खाकरलं.

"मी तुळसा," ती म्हणाली. "वारा समुद्राकडून आहे, भरती लवकर चढेल. आज मी उघडत नाही."

आणि ती बांधावरून उतरून चालू लागली. म्हातारे हातातले नारळ घेऊन पावसात उभे होते.