पेवातला मापारी आणि राणीचे चिंचोके

एका राज्यात, भर सकाळी, राजाने डोक्यावरची पगडी काढली आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आपटली.

“घरटी एक शेर घुगऱ्या!” राजा रणधवल गरजला. “आणि शिगेसकट! माझ्या बारशाला तशाच वाटल्या, माझ्या वडिलांच्या बारशाला तशाच वाटल्या. आणि माझ्या लेकीच्या बारशाला मी मूठमूठ उकडलेले गहू वाटू? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, घुगऱ्या मऊ शिजल्या होत्या,” राणी केतकावती बाजेवरून म्हणाली.

“थट्टा नको, राणी. कोठाराच्या किल्ल्या दे.”

“किल्ल्या उशीखाली आहेत, आणि उशीवर माझं डोकं आहे.”

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा त्या राज्याचा नियम. म्हणून राजा उंबऱ्याबाहेर उभा राहून भांडत होता आणि राणी आत शेगडीच्या शेकात पडून भांडत होती. आज नववा दिवस होता. भांडण तिसऱ्या दिवशी सुरू झालं होतं.

राजा वाईट नव्हता. मागल्या साली टोळधाड आली, उभं पीक गेलं, तेव्हा त्याने अर्धं कोठार प्रजेत वाटून टाकलं. वाटलं ते चांगलंच केलं. पण उरलेल्या अर्ध्यात वाडा कसा चालवायचा, हे काही त्याने बघितलं नाही. ते राणी बघत होती. नवं पीक यायला नव्वद दिवस होते. राणीने गोधडीवर चिंचोके मांडले होते. वाड्यातल्या एकेका तोंडाचा एकेक चिंचोका. राजाचा, आचाऱ्याचा, पहारेकऱ्यांचा, आंधळ्या शाहिराचा, सुईण गिरजाक्काचा. तोंडात दात नसलेल्या तान्हीचासुद्धा होता. रोज सकाळी ती ते मोजायची, हलवायची, पुन्हा मोजायची, आणि गणित जमलं की तिला घटकाभर डोळा लागायचा. मग दचकून जाग यायची. तेल धरलंच नाही! मीठ धरलंच नाही! पुन्हा चिंचोके.

“राणी चिंचोके खेळते आणि राज्याची अब्रू जाते,” राजा म्हणाला. “कोठार नसेल उघडायचं तर राहिलं. आजोबांच्या पेवात सोन्याचे सात रांजण आहेत. मी तेच काढतो.”

गिरजाक्काने तेलाची वाटी खाली ठेवून कानांवर हात ठेवले.

कारण ते सोनं शापाचं होतं. राजाचे आजोबा भीमधवल हे रयतेकडून धान्य घेताना शिगेने घ्यायचे आणि देताना सपाट द्यायचे. माप भरल्यावर काठाच्या वर दाण्यांचं जे टोक उभं राहतं, ती शीग. त्या शिगांवर त्यांनी सात रांजण सोनं केलं. त्यांच्या पदरी एक मापारी होता. धान्य मापायचं काम त्याचं, आणि मंत्रही त्याला येत. त्याची बायको बाळंत झाली, तेव्हा त्याने शेरभर गहू मागितले. भीमधवलांनी शेर भरला आणि तळहाताने वरची शीग पुसून घेतली, पुसता पुसता मूठभर आणखी ओढली. महिन्यात मापाऱ्याचा पाळणा रिकामा झाला, मग घरही रिकामं झालं. तेव्हा मापारी सोन्यासकट पेवात उतरला आणि आतून ओरडला, “राजा, तुझ्या वाड्यात जेव्हा जेव्हा पाळणा हलेल, तेव्हा एका ताटातली शीग मी नेईन. कुणाच्या ताटातली, ते तुला दिसणार नाही. पाळण्यात मात्र दिसेल.”

आणि ते दिसत होतं. गिरजाक्का रोज सकाळी तराजू टांगायची. एका पारड्यात वरवंटा ठेवायची, दुसऱ्यात तान्ही. जन्मली त्या दिवशी काटा मधोमध उभा होता. तिसऱ्या दिवशी वरवंटा बोटभर खाली गेला. आज तो चार बोटं खाली होता.

“पहिल्या दिवसांत लेकरं उतरतातच, बाई,” गिरजाक्का म्हणाली. “पण मग चढतात. ही चढेना. डिंकाचा लाडू खाल्लात का?”

“खाल्ला,” राणी म्हणाली. तिने अर्धा खाल्ला होता. उरलेला अर्धा उशीमागच्या डब्यात, आधीच्या चार अर्ध्यांशेजारी होता.

तेवढ्यात खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. तिच्या पंखांना पेवातला भुसा लागला होता. ती माणसाच्या आवाजात बोलली, आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नाही, कारण त्या राज्यात साळुंक्या बोलत असत.

“मापारी बोलावतो,” साळुंकी म्हणाली. “तीन मापं भरायची. पहिलं, जे खातं पण कुणाला भरवत नाही, त्याचं. दुसरं, जे लागायच्या आधीच येऊन बसलं, त्याचं. तिसरं, ज्या ताटातली शीग जाते, त्या ताटाचं. बाराव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत भरली तर शाप सुटेल. नाही भरली तर पाळण्यात दुपटं तेवढं उरेल.”

“मी जातो,” राजा तलवारीला हात घालून म्हणाला.

“ज्याच्याकडे किल्ल्या, त्यानेच यायचं,” साळुंकी म्हणाली आणि उडाली.

अकरावा दिवस सरून सोयर फिटल्यावाचून बाळंतिणीने धान्याला शिवायचं नाही, हाही नियमच. राणी थांबली. तिने डब्यात आणखी दोन अर्धे लाडू टाकले आणि त्याबरोबर आपल्या वाट्याचं तूपही वाचवलं. बारशाला गिरजाक्काला लुगडं घ्यायचं होतं, ते कुठून यायचं होतं? दहाव्या दिवशी वरवंटा पाच बोटं खाली गेला. अकराव्या दिवशी सहा. तान्हीचं रडणं मांजराच्या पिलासारखं झालं होतं. तरी ती छातीशी आली की जीव खाऊन ओढायची, आणि ओढून ओढून दमून झोपायची. राणी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास लागतो का बघत बसायची.

बाराव्या दिवशी उजाडताच राणीने पेवाचं झाकण काढवलं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं पोट, वर तोंड अरुंद आणि खाली उदर मोठं. आधी दोराने दिवा सोडला. दिवा विझला नाही, म्हणजे आत श्वास घेता येणार होता. मग तिने तान्हीला पदराने पोटाशी बांधलं. चिंचोक्यांची पुरचुंडी कनवटीला खोचली, लाडवांचा डबा काखेत मारला आणि ती दोर बांधलेल्या पाटावर बसली. दोर राजाने स्वतः धरला.

“घट्ट धरा, महाराज.”

“धरला आहे. पण घुगऱ्यांचं मी सोडलेलं नाही!”

“मीही नाही,” म्हणत राणी खाली गेली.

तळाशी मापारी मांडी घालून बसला होता. त्याच्या दाढीत गहू उगवले होते, पिकलेही होते, पण कापायला कुणी नव्हतं. मागे सात रांजण होते आणि पुढ्यात तीन रिकामी मापं.

“भर,” मापारी म्हणाला.

राणीने डोळे मिटून वाडा आठवला. दालन दालन फिरली. खातं पण कुणाला भरवत नाही. शाहीर? तो गातो. म्हातारं कुत्रं? ते भुंकतं. मग तिला पेवाच्या तोंडाशी असलेली सोन्याची समई आठवली. आजोबांपासून ती रात्रंदिवस जळत होती. उजेड द्यायचा तो एका बंद झाकणाला, आणि रोज पाऊण शेर तेल पीत होती.

“महाराज!” ती वर तोंड करून ओरडली. “समई विझवा!”

“आजोबांची समई? ती कधीच विझली नाही!”

“म्हणूनच मुदपाकखान्यात फोडणीला तेल नाही. विझवा!”

वर राजाने आजोबांची क्षमा मागितली. मग एक फुंकर ऐकू आली. तशी पेवाच्या भिंतीवरून तेलाची धार उतरली आणि पहिलं माप काठोकाठ भरलं.

“दुसरं,” मापारी म्हणाला.

लागायच्या आधीच येऊन बसलेलं. राणीने डोकं खाजवलं. तिने तर टोपडीसुद्धा जुन्या साडीची शिवली होती. तिने काही आणलं नव्हतं. मग कुणी आणलं?

“महाराज,” ती सावकाश म्हणाली, “पागेत काय आहे?”

वर दोर या हातातून त्या हातात गेला.

“महाराज.”

“लहानसं आहे,” राजाचा आवाज आला. “पांढरं आहे. कपाळावर चांदवा आहे.”

“बारा दिवसांच्या मुलीला शिंगरू आणलंत?”

“मोठी होईलच ना ती!”

“दाणा किती खातं?”

“पायली,” राजा म्हणाला. मग हळूच म्हणाला, “हरभरे. रोज.”

“परत पाठवा.”

“केतकी, मी त्याला माझ्या हाताने...”

“मोठी झाली की आणा. आधी तिला मोठी होऊ द्या.”

राजा नाक ओढतो आहे, हे पेवाच्या तळापर्यंत ऐकू आलं. मग त्याने पागेकडे हुकूम पाठवला, आणि वरून हरभऱ्यांचा सडा पडला. दुसरं माप भरलं.

“तिसरं,” मापारी म्हणाला. “पेवात दिवस लवकर सरतो, वर ऊन कललं आहे.”

तान्ही पदरात हलकी झाली होती. इतकी हलकी, की राणीने दोनदा हात लावून पाहिलं. कुणाच्या ताटातली शीग जाते? तिने गिरजाक्काचं नाव घेतलं, माप रिकामं. आचाऱ्याचं घेतलं, शाहिराचं घेतलं, राजाचंही घेतलं, माप रिकामंच. घाबऱ्या घाबऱ्या तिने काखेतला डबा उघडला.

“हे घे! माझ्या तोंडचं काढून ठेवलंय. सात अर्धे लाडू आहेत, तूप आहे. सगळं घे, पण तिला सोड!”

लाडू मापात पडले आणि तळ नसल्यासारखे नाहीसे झाले. तान्ही आणखी हलकी झाली.

“माझी बायकोही असंच करायची,” मापारी म्हणाला. त्याने रिकाम्या मापावरून हात फिरवला. “शेरातलं अर्धं माझ्या ताटात. म्हणायची, मला एवढं पुरतं. राजाने मूठभर चोरलं, ते मला दिसलं. तिने रोज स्वतःचं चोरलं, ते दिसलं नाही. तुझे चिंचोके मोज, बाई.”

राणीने पुरचुंडी सोडली. दिव्याच्या उजेडात एकेक चिंचोका एकेका नावाने मांडला. एकेचाळीस भरले. वाड्यात तोंडं बेचाळीस. तिने पुन्हा मोजले. राजा होता. शाहीर होता. दात नसलेली तान्ही होती, जी अजून दाणासुद्धा खात नव्हती, जी फक्त तिलाच खात होती.

तिचा स्वतःचा चिंचोका नव्हता.

इतके दिवस ती चोर शोधत होती, आणि चोराच्या उशीखाली किल्ल्या होत्या. राणीला संताप आला, तो स्वतःचा आला, आणि त्याच्या पाठोपाठ भूकही आली. अशी भूक तिला बाळंत झाल्यापासून लागली नव्हती.

तेवढ्यात वरून राजा ओरडला, “राणी! मी विचार केला. मूठमूठ तर मूठमूठ, मी हरलो! पण बारशाचे गहू मापायला घेतले, की रीत मी मोडणार नाही. पहिलं माप गादीचं. माझ्या आजोबांपासून लाभ गादीपुढेच पडतो!”

त्या राज्यात मापताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत, आणि पुढे दोन, तीन. तो लाभ आजवर गादीपुढे पडून उंदरांनी खाल्ला होता.

राणीने मान वर केली आणि एकच वाक्य बोलली. ते मोठ्याने बोलायची गरज पडली नाही.

ते वाक्य ऐकलं आणि तिसऱ्या मापात गहू आपोआप चढले, काठावर आले, काठाच्या वर टोकदार शीग उभी राहिली. पदरातली तान्ही जड झाली, वरवंट्याहून जड, आणि खणखणीत रडली. सात रांजण तडकले. आतलं सोनं पुन्हा गहू झालं, रयतेच्या शिगांचे गहू, आणि ते त्याच संध्याकाळी घरोघर परत गेले. मापाऱ्याने दाढीतल्या ओंब्या तोडून तान्हीच्या मुठीत दिल्या. साळुंकी त्याच्या खांद्यावर बसली, आणि दोघं उजेडात विरून गेली. राजाने दोर ओढून दोघींना वर घेतलं, स्वतःच्या हाताने पाट मांडला आणि त्यावर ताट वाढायला सांगितलं. बारसं झालं. घुगऱ्या मूठमूठ वाटल्या, मऊ शिजल्या होत्या. मुलीचं नाव ओंबी ठेवलं. चिंचोके बेचाळीस झाले, आणि नव्वद दिवस निघाले, ओढून ताणून का होईना, पण निघाले. पुढे त्या राज्यात कुठल्याही घरी पाळणा हलला, की धान्य मापणारा माप उचलण्याआधी राणीचं ते वाक्य म्हणत असे. आजोबांच्या वेळचा शाप आणि दहा दिवसांचं भांडण ज्याने मिटलं, ते वाक्य राणी पेवाच्या तळातून असं बोलली होती:

“लाभ माझ्या ताटात पडेल, महाराज, गादीचं दोनपासून मोजा.”