पाठमोरी कडजाई

शेंदरवाडीच्या कडजाईचं दर्शन पाठीचं घ्यावं लागतं. देऊळ बसकं, काळ्या दगडाचं. पुढे गावचं मोठं मैदान आणि मैदानाकडे देवीची पाठ. केसांचा अंबाडा, खांद्यांची गोलाई, कमरपट्ट्याची गाठ, एवढंच दिसतं. तोंड मागच्या भिंतीकडे. नवखा माणूस हात जोडून गोंधळतो, देवळाला वळसा घालून दुसरं दार शोधतो आणि पुन्हा तिथंच येतो. मग गुरवाच्या घरची गजरामाई उंबऱ्यावर बसल्या बसल्या म्हणते, "दार चुकलं नाही तुमचं. देवीच फिरलीय."

ज्याला बसायला सवड असते त्याला ती पुढचं सांगते.

फार जुनी गोष्ट म्हणे. चैत्रातल्या जत्रेला या मैदानात वरच्या आणि खालच्या आळीचा हुतूतूचा सामना होई. देवीचं तोंड तेव्हा मैदानाकडे होतं. गावाची समजूत अशी, की आई खेळ बघते आणि जिंकणाऱ्या आळीला वर्षभर हात देते. खेळणारे दोन्हीकडचे मोजके, बघायला मात्र अख्खी पंचक्रोशी.

आणि बघायचं म्हणजे आधी बाजू घ्यायची. ज्याचं घर ज्या आळीत, त्याची ती बाजू, हे एक वेळ ठीक. पण वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्यांना कुठली आळी? त्यातले काही पानाचं तबक ज्या बाजूला आधी फिरे तिकडं बसत. कुणाचा मेव्हणा इकडं बसला, म्हणून तो तिकडं. काही शहाणे पहिल्या दोन-चार चढाया होईस्तोवर चिंचेखाली रेंगाळत आणि जिकडं सरशी दिसे तिकडं जाऊन, जन्मापासूनचे तिथलेच असल्यासारखे ओरडायला लागत. बायकांची बाजू तर अक्षतांबरोबर बदले. कालपर्यंत जी आळी आपली, ती हळदीच्या अंगानं परकी व्हायची. माहेरचा गडी पडला की सासरच्या बायका नव्या सुनेच्या तोंडाकडे टक लावून बघत. ती हसली नाही, तर तिला वर्षभर ऐकावं लागे.

बाजू अशी कशीही हाताला लागलेली. पण एकदा लागली की माणसाचं जनावर व्हायचं. जनावर तरी कशाला म्हणायचं, जनावर असं करत नाही. गडी पकडीत सापडून पडला, की बघणारे गालात साठवलेला विडा त्याच्या अंगावर थुंकत. याला गावात 'रंग टाकणं' म्हणत आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. सकाळी सोवळ्यानं देवीला पाणी घालणारे म्हातारे दुपारी तोंडात लाळ जमवून सीमेपाशी उभे. पोरं त्यांचं बघून शिकत. संध्याकाळी मैदानावर लाल चिखल होई, त्यावर माश्या बसत आणि त्याच चिखलातून पाय टाकत बाया ओट्या भरायला देवळात जात. हे सांगताना गजरामाई आजही पदर नाकाला लावते.

खालच्या आळीची सारजा वरच्या आळीत दिलेली होती. आईबाप गेलेले, माहेर म्हणजे एकटा धाकटा भाऊ, हैबती. आदल्या पावसाळ्यात तापानं त्याला असं धरलं, की लोकांनी आशा सोडली. सारजा कडजाईला नवस बोलली, 'आई, माझा भाऊ उठू दे. जत्रेच्या दिवशी त्याला शेजारी उभा करून तुझी ओटी भरीन.' देवीनं ऐकलं. हैबती उठला, काठी टाकून चालू लागला. सारजानं तेव्हापासून मंगळवार धरले, एकभुक्त राहिली, हिरवा खण आणून डब्यात जपून ठेवला. तिला दुसरं काही नको होतं. भाऊ शेजारी, हातात ओटी, एवढं एकदा पार पडलं म्हणजे झालं.

जत्रेच्या सकाळी ती पाणवठ्यावर भावाला भेटली.

"यंदा उतरू नकोस रे. अजून दम भरत नाही तुझा."

"न उतरून कसं चालंल, आक्का? बाईच्या पदराआड लपला म्हणतील."

"म्हणू देत की. म्हणणाऱ्यांच्या तोंडाला काय, झाकण हाय?"

हैबती हसला. "तू ओटी तयार ठेव. खेळ झाला की आलोच अंगावर पाणी घेऊन."

दुपारी सारजा वरच्या आळीच्या बायकांत बसली. शेजारी सासू. मांडीवर ओटीचं ताट, वर खण झाकलेला. तिचा नवरा रावजी वरच्या आळीचा पकडीतला गडी. खेळ रंगला, धूळ उठली, बायका उभ्या राहिल्या, सारजाही राहिली. खालच्या आळीचा एक गडी हुतूतू घुमवत आत शिरला. रावजीनं त्याचा पाय धरला, बाकीचे वर पडले. धुळीत कोण ते दिसेना. सासूनं कोपर मारलं, "अगं, तोंड शिवलंय का तुझं?" आणि सारजा ओरडली, "दाबा! सोडू नका! दाबा त्याला!"

असं सांगतात की तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. दम तुटला तरी ढीग उठेना, कारण लोक ओरडतच होते. शेवटी एकेक गडी बाजूला झाला आणि खाली हैबती दिसला. छातीची बरगडी आत गेलेली, ओठांतून रक्त. रावजी हात झटकत मागं सरला. लोकांनी मात्र रंग टाकला. वरच्या आळीनं जिंकलं म्हणून टाकला. खालच्या आळीनं, ज्यांच्यासाठी तो उतरला होता त्यांनी, त्याच्यापायी हरलो म्हणून टाकला. आणि चिंचेखालचे सगळ्यात पुढं.

सारजा ताट टाकून धावली. ओटीच्या खणानं त्याचं तोंड पुसू लागली. रक्त कुठलं आणि थुंकी कुठली, कळेना. भावानं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं.

"आक्का, खाली दबल्यावर काही ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "तुझा आवाज तेवढा वळखला मी."

आणि त्यानं मान फिरवली.

त्या क्षणी सारजाला स्वतःच्या तोंडाची किळस आली. तिनं माती घेऊन ओठ घासले म्हणे, रक्त येईपर्यंत. मग तसाच तो घाणीनं भरलेला खण घेऊन देवळाच्या पायरीशी गेली.

"आई, हे सगळं तू बघत बसतेस?" ती म्हणाली. "बघून वर जिंकलेल्यांची ओटी घेतेस? मग हीही घे. तुझ्या गावाची हीच हळद, हेच कुंकू."

तिनं खण उंबऱ्यावर ठेवला आणि मैदानाकडं पाठ करून बसली. जिंकलेल्या आळीच्या बाया ताटं घेऊन वाजत गाजत आल्या. गुरवानं दार उघडलं आणि त्याच्या हातातली घंटा पडली. देवीनं पाठ फिरवली होती.

गावानं काय काय केलं! दूध घातलं, बोकड कबूल केला, पहारी लावून मूर्ती फिरवायला गेले तेव्हा पहार वाकली. वरची आळी म्हणे, देवी खालच्यांवर रुसली. खालची म्हणे, वरच्यांवर. त्यावरूनही हाणामारीची वेळ आली, म्हणजे बघा.

सारजा या कशातच नव्हती. नवऱ्याला सांगून ती माहेरी राहिली आणि भावाचं पथ्यपाणी करू लागली. हैबती तिच्या हातचं खाई, पण बोलत नसे. रावजी रोज दाराशी दूध ठेवून जाई, आत यायचं त्याला धाडस होत नसे. फाल्गुन आला तेव्हा गावाचे म्हातारे त्या ओसरीवर येऊन बसले. देवीला तोंडावर बोलणारी ही एकच, तेव्हा उपाय तिनंच सांगावा.

सारजा म्हणाली, "मला कसला उपाय कळतोय? एवढंच कळलंय, की बाजू आपण घेतली की ती आपल्याला खाते. तर घेऊच नका. आईकडून मागून घ्या."

पुढच्या जत्रेला देवळाच्या दारात एक टोपली ठेवली. आत तगरीची पांढरी फुलं आणि शेवंतीची पिवळी, वरून हिरवा खण झाकलेला. पांढरं वरच्या आळीचं, पिवळं खालच्या. बघायला येईल त्यानं खणाखाली हात घालून, न बघता एक फूल काढायचं आणि त्या दिवसापुरतं त्याच आळीसाठी ओरडायचं. घर कुठलंही असो. देवीनं दिलेली बाजू, तिचा गर्व कसला आणि दुसऱ्याचा राग कसला? आणि विड्याचं तबक बंद.

सारजाच्या हाताला पिवळं फूल आलं. सासूला, जावांना पांढरं आलेलं, नवरा वरच्या आळीकडून मैदानात, आणि तिला ओरडायचं होतं त्यांच्याविरुद्ध. खेळ सुरू झाला तरी तिचं तोंड उघडेना. वर्षभर तिनं मोठा आवाज काढलाच नव्हता. पलीकडच्या कडेला हैबती बसला होता. पुन्हा कधी दम धरता येणार नाही, असं वैद्यानं सांगितलेलं. त्याच्या हातात पांढरं फूल होतं. रावजी चढाईला निघाला, तो आत जावं की न जावं असा घुटमळला. तेव्हा हैबतीनं छातीला हात धरून, फाटक्या आवाजात ओरडून सांगितलं, "जावा की दाजी! घाबरता कुणाला? तुमच्या बाजूचा हाय मी आज!"

सगळं मैदान हसलं. हसता हसता सारजाचा गळा मोकळा झाला. ती आधी रडली आणि मग ओरडली, खालच्या आळीसाठी. खेळ संपल्यावर भाऊ शेजारी येऊन उभा राहिला आणि तिनं देवीच्या पाठीशी ओटी ठेवली.

देवी मात्र वळली नाही.

आजही शेंदरवाडीत जत्रेला टोपली असते. आजही बहिणी भावांना शेजारी उभं करून पाठीमागूनच ओटी भरतात. अलीकडं काही पोरं बोटांनी चाचपून फुलं ओळखतात, मोबाइलवर पैजा लावतात, आणि पडलेल्या गड्याचे फोटो काढून खिदळतात. गजरामाईला ते बघवत नाही. "थुंकायची रीत बदलली, बाबा," एवढंच म्हणून ती उठते.

मूर्ती आणि भिंत यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी फट आहे. देवीचा चेहरा त्यानंतर कुणी पाहिलेला नाही. रोज पहाटे गजरामाई त्या फटीतून हात घालून, आंधळ्यासारखी चाचपत, आईचं तोंड धुते. पाहुणे हमखास विचारतात, हाताला काय लागतं?

"माझ्या सासूबाई सांगायच्या, कपाळाला आठी लागते, चांगली खोल," ती म्हणते. "मला पण लागायची, सून म्हणून आले तेव्हा. हल्ली लागत नाही."

आणि मग स्वतःची बोटं उजेडात धरून बघते. "आता ती आठी झिजली का माझी बोटं, ते तिलाच ठाऊक. मी आपली रोज धुते."