तिसरी हाक

त्या दिवशी धुकं हटायलाच तयार नव्हतं. पौषातली सकाळ, उन्हं वर यायची वेळ टळून गेली, तरी डोंगराखालच्या वाडीत समोरचा गोठासुद्धा दिसेना. एक शिष्य आपल्या गुरूंच्या ओसरीवर वही उघडून बसला होता. गुरू म्हणजे झाडपाल्याची औषधं देणारे एक वृद्ध. वाडी त्यांना आबा म्हणे. ते पहाटेच पलीकडच्या वाडीत एका अडलेल्या गाईसाठी गेले होते.

शिष्य वर्षभर एका दंतकथेचं मूळ शोधत होता. त्या मुलखात समजूत अशी, की रान माणसाच्या आवाजात हाक मारतं. त्याला ओ देणारा जिवंत परतत नाही. पण रान मारतं ते दोनदाच. तिसरी हाक आली, तर ती माणसाची. म्हणून तिसरी ऐकल्यावाचून रानाच्या दिशेला कोणी ओ देत नसे. कोणी सांगे ही यक्षिणीची करणी, कोणी सांगे एका पाखराची. आबांना विचारलं, की ते म्हणत, "थांब जरा," आणि उठून जात.

आज वाडीला घोर लागला होता. मध काढायला गेलेला हैबती काल संध्याकाळी परतलाच नव्हता.

इतक्यात धुक्यातून हाक आली. "साळूऽऽ!"

हैबतीची बायको धावत अंगणात आली. "ह्यांचाच आवाज हाय!"

आबांचा शेजारी रखमाजी आडवा आला. "थांब गं वैनी. अजून दोन येऊ देत."

बऱ्याच वेळाने पुन्हा हाक आली, पहिलीपेक्षा बारीक. शिष्याने वहीत लिहिलं, 'दुसरी.' खरं सांगायचं तर त्याच्या मनात भयापेक्षा हर्षच अधिक होता. वर्षभर जे ऐकीव होतं, ते आज स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं होतं.

सारी वाडी कान देऊन उभी राहिली. दोघीजणींनी साळूला दंडाला धरून ठेवलं. तिसरी हाक काही आली नाही.

आबा आले ते दुपारी. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कोणी ओ दिली का?"

"तिसरी आलीच न्हाई, आबा," रखमाजी म्हणाला.

आबांनी पाणीही न पिता काठी उचलली, रानाकडे तोंड केलं आणि ते होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "ओऽऽ! आलो रे, आलो!" माणसं दचकून मागे सरली. बायांनी पोरांचे कान झाकले. आबांच्या मागून शिष्य तेवढा गेला.

हैबती कड्याच्या तळाशी सापडला. मांडी मोडली होती. जिभेला ओल मिळावी म्हणून चघळलेला पाला तोंडात तसाच होता. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं. आबांनी त्याचे डोळे मिटले आणि ते तिथेच खाली बसले.

"वही काढ," ते म्हणाले. "तुझ्या कथेचं मूळ सांगतो."

शिष्याने वही काढली नाही.

"मी दहा वर्षांचा होतो. पटकीची साथ आली. आजारी माणसाला पाण्याचं मडकं देऊन रानात नेऊन ठेवायचे. आमच्या आईलाही ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने हाक मारली. धाकटी बहीण म्हणाली, दादा, आई बोलावते. मला भय वाटत होतं रे. गेलो तर मरेन, असं भय. मी म्हटलं, ती आई नव्हे, रान आहे ते. पुन्हा हाक आली. बहीण रडायला लागली. मी म्हटलं, रान दोनदाच हाक मारतं. तिसरी आली तर ती आई. मग जाऊ."

आबा हैबतीच्या केसांतलं गवत वेचत राहिले.

"तिसरी मारायची ताकद नव्हती तिच्यात. बहिणीने ही गोष्ट दारोदार सांगितली. ज्यांची ज्यांची माणसं रानात पडली होती, त्या प्रत्येक घराला ती हवीच होती, बाळा. दोन पावसाळ्यांत ती डोंगराएवढी जुनी होऊन बसली."

"मग आजवर बोलला का नाहीत, आबा?"

"बोललो असतो, तर त्या घरांना आपापल्या माणसांच्या हाका नव्याने ऐकू आल्या असत्या. मी त्याला दया समजत आलो. ते भयच होतं. दहा वर्षांचं पोर अजून माझ्यात बसलेलं आहे."

शिष्याला सकाळचा आपला हर्ष आठवला, आणि त्याने मान खाली घातली. कथा रचणारा एकच असतो. तिला जिवंत ठेवायला मात्र सगळे लागतात, आणि त्यात आपणही होतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दोघांनी हैबतीला कसंबसं वाडीत आणलं. साळू त्याच्या पायांशी बसली, रडली नाही. मग आबांनी भर अंगणात, सर्वांसमोर, आईची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एक शब्द गाळला नाही. माणसं खाली बघत ऐकत होती.

आबांचं बोलणं संपल्यावर रखमाजी पुढे आला. त्याने त्यांना हात धरून जोत्यावर बसवलं आणि तो अगदी मायेने म्हणाला, "तुमी ल्हान होता, आबा, मनाला लावून घेऊ नका. पर आज आमी थांबलो तेच बरं झालं. दुसऱ्या हाकेला धावलो असतो, तर आत्ता दोन तिरड्या बांधाव्या लागल्या असत्या."