बिननावाची बाळी आणि दारातली पाहुणी

दुपारचे बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. रात्रीचे नव्हेत बरं का. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला वाटतं. पण भर दुपारचीही एक वेळ असते. सावली पायाखाली जाते, कावळासुद्धा गप्प बसतो, ती वेळ. पांघरूण नीट घ्या बघू. पाय बाहेर नकोत.

तर एक होतं घर. काळ्या दगडाचं, डोंगराच्या पोटात. चारी बाजूंनी सीताफळाची बाग. गाव दोन टेकड्यांच्या पलीकडे. मालक राहायचा शहरात, आणि त्या घरात कुणी टिकत नसे. बागेला राखण्या ठेवला की आठवडाभरात भांडी-अंथरूण घेऊन पळून जायचा.

मग एकदा काय झालं, सोनबा नावाचा एक माणूस राखणीला आला. त्याच्याबरोबर त्याची बायको मंजुळा आणि महिन्याची मुलगी.

मुलीला अजून नाव नव्हतं. बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. आणि सोनबाला बहीणच नव्हती. सख्खी नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. मग आज करू, उद्या करू म्हणता म्हणता बारावा दिवस टळून गेला. सगळे तिला नुसतं बाळी म्हणायचे. मंजुळाच्या जिवाला मात्र घोर लागलेला. तिची आई म्हणायची, बिननावाच्या लेकराला कुणीही हाक मारतं आणि ते त्याच्यामागं निघून जातं.

तर पहिल्या दिवशी दुपारी सोनबा गोफण घेऊन वानरं हाकलायला बागेत गेला होता. मंजुळा चुलीपुढं भाकऱ्या करत होती. ऊन आत येऊ नये म्हणून दार लोटलेलं. बाळी पाळण्यात निजलेली. मग दाराबाहेरून आवाज आला. बाईचा. अगदी हळू.

"येऊ का गं आत?"

मंजुळाला वाटलं, कुणी वाटसरू असेल. तिचे हात पिठाचे, तव्यावर भाकरी. ती म्हणाली, "थांबा जरा बाहेर."

बाहेर कुणीतरी मोठा उसासा टाकला. मंजुळानं भाकरी उतरवली, हात पुसले, दार उघडलं. अंगणात कुणी नाही. नुसतं ऊन नाचत होतं. आणि मागं पाळण्यात बाळी जी रडायला लागली ती थांबेचना. दूध पिईना. छातीशी धरलं की मान फिरवायची आणि दाराकडं बघायची.

महिन्याचं लेकरू हो! ते कशाला दाराकडं बघेल?

मग दुसरा दिवस उजाडला. मंजुळानं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पाळण्याखाली विळा ठेवला. बाळीच्या गालाला काजळाची तीट लावली. बारा वाजायच्या आधीच दाराला कडी घातली, कडीत मुसळ अडकवलं आणि बाळीला मांडीवर घेऊन तिचे दोन्ही कान हातांनी झाकून बसली. घरात एक माशीसुद्धा घोंघावत नव्हती.

"आता येऊ का?"

मंजुळा बाळीवर अजून वाकली. श्वाससुद्धा घेतला नाही. मग बाहेर कुणीतरी अंगाईसारखं गुणगुणायला लागलं आणि आत पाळणा आपोआप हलायला लागला. रिकामा पाळणा हलू नये म्हणतात ना, तो रिकामाच हलत होता. किती तरी वेळानं थांबला. मंजुळानं बाळीच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ तापलेलं. ओठ कोरडे पडलेले. आता रडण्याचाही आवाज फुटत नव्हता.

(नाही गं छकुले, तुझं कपाळ गार आहे. मी बघितलं मघाशीच. दोनदा बघितलं.)

संध्याकाळी मेंढ्या घेऊन हौसाकाकू बांधावरून चालली होती. ती त्या डोंगरातली सगळ्यांत म्हातारी बाई. मंजुळानं रडत रडत तिला सगळं सांगितलं.

"आणि अजून बारसं नाही केलंस? कुणाची वाट बघतीस, माझ्या मेंढीची?" काकू आधी खेकसली. मग तिनं आवाज उतरवला. "अगं, माझी आज्जी सांगायची. या घरात पूर्वी एक भाऊ राहायचा. त्याला लेक झाली. त्याची बहीण दोन टेकड्या ओलांडून बारशाला आली. पायात वहाण नाही, हातात बाळाच्या डोक्यावर घालायची लाल कुंची. आली ती अशीच टळटळीत दुपारी. दारातनं म्हणाली, येऊ का आत?"

"मग?"

"मग काय? विधवा होती ना ती. शुभकार्याला पांढरं कपाळ नको म्हणाले. थांब जरा बाहेर, आटोपलं की बोलावतो, म्हणाले. आत जेवणं झाली, विडे झाले, पाळणे म्हणून झाले. तिला बोलवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. उन्हात बसल्या जागी गेली बिचारी. तेव्हापास्नं येती. लेकराच्या वासावर येती."

मंजुळाच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, ती लेकराला न्यायला येते का बघायला?"

"ते मला काय ठाव? आजवर कुणी विचारलंच न्हाई. सगळे पळूनच गेले. तू दार उघडू नको. उघडलंसच तर तिच्या पायांकडं बघ. उलटे असले तर तुझं लेकरू गेलं म्हणून समज."

तिसऱ्या दिवशी पहाटे सोनबा वैद्यबुवांना आणायला निघाला. "पोरीला उन्हातनं न्यायला नको," तो म्हणाला. "तू घर सोडू नको. मी आलोच." पण दोन टेकड्या जायचं आणि दोन टेकड्या यायचं. आलोच म्हणजे कधी?

मग सूर्य डोक्यावर आला. बाळीनं डोळे उघडणंसुद्धा सोडलं होतं. मंजुळा तिला मांडीवर घेऊन बसली. मीठ-मोहऱ्या करून झाल्या होत्या. विळा ठेवून झाला होता. कडी घालून झाली होती. आता तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं.

"येऊ का गं आत?"

मंजुळा उठली. एका हातानं बाळीला घट्ट धरलं. दुसऱ्या हातानं मुसळ काढलं, कडी काढली. आणि दार उघडलं.

दारात एक बाई उभी. पांढरं लुगडं, वाळलेले ओठ, हातात लाल कुंची. मंजुळानं आधी तिच्या पायांकडं बघितलं.

पाय सरळ होते बरं का. पण त्यांना टरटरून फोड आले होते. इतके फोड, की ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

मंजुळाची भीती गेली नाही. पण उन्हातनं आलेल्या माणसाला आपण काय देतो? तिनं बाळीला काखेत धरूनच तांब्या आणला, त्या पायांवर पाणी घातलं. मग गुळाचा खडा दिला, प्यायला पाणी दिलं. बाई घटाघटा प्यायली. कितीतरी वर्षांची तहान होती ती.

मग मंजुळा म्हणाली, "या आत्याबाई. आत या."

बाई उंबऱ्यातच थबकली. "मला चालत नाही गं आत. तुझ्याकडं शुभकार्य आहे."

"माझ्या घरात चालतं. आत्यावाचून माझ्या लेकीचं बारसं अडलंय."

बाई आत आली. मंजुळानं बाळीला पाळण्यात ठेवलं. ठेवताना तिचे हात सुटता सुटेनात. मग बाई पाळण्यावर वाकली. इतकी वाकली की बाळी दिसेनाशी झाली. मंजुळाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आणि आतून आवाज आला,

"कुर्रर्र!"

आत्यानं कुर्र केलं की काय करायचं असतं? तिच्या पाठीत धपाटा घालायचा असतो! बारशाला आलेल्या साऱ्या बायका घालतात. इथं तर मंजुळा एकटीच. तिनं डोळे मिटले, हात उचलला आणि घातला की हो भुताच्या पाठीत धपाटा! पाठ उन्हात तापलेल्या दगडासारखी गरम होती.

"अगं हळू, वहिनी!" बाई म्हणाली. आणि हसली. त्या घरात ती पहिल्यांदा हसली. मग पाळण्यातून बाळीसुद्धा खुदकन हसली.

"काय नाव ठेवलंत, आत्याबाई?"

"उन्हात बसून बसून मला एकच नाव सुचायचं," बाई म्हणाली. "सावली."

मंजुळा बाळीला उचलायला वळली. उचलून मागं बघते तर घरात कुणी नाही. पण बाळीच्या डोक्यावर लाल कुंची होती. कपाळ गार पडलं होतं. बाळी भुकेनं मूठ चोखत होती. मंजुळानं तिला पाजलं. सोनबा वैद्यबुवांना घेऊन धापा टाकत आला, तेव्हा मायलेकी दोघी गाढ झोपल्या होत्या. दार सताड उघडं होतं.

मग पुढं सावली त्याच घरात मोठी झाली, सीताफळं खाऊन गुबगुबीत झाली. सोनबाला पळून जायची वेळ आली नाही. मंजुळा दुपारी दाराशी एक तांब्या पाणी भरून ठेवायची, तेवढंच.

ते तिकडं सुखात राहिले, तुम्ही इकडं सुखानं झोपा. कडी लावलीय मी. मिटा डोळे.

आणि एक करा. उद्या ही गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी सांगा. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना तर सांगाच. म्हणावं, आत्या कशीही असो, कुठूनही येवो, तिला आधी आत घ्या. दारात थांबवू नका.